दूरस्थ संघातील प्रत्येकाला ग्राहकसेवेची पाळी द्या

घरून किंवा निरनिराळ्या शहरांतून काम चालणाऱ्या स्टार्टअपमध्ये ग्राहकाची तक्रार बहुधा सपोर्ट पाहणाऱ्या एकदोघांपाशीच थांबते आणि प्रत्यक्ष उत्पादन घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. २००५ मध्ये स्थापन झालेल्या, संकेतस्थळे व ब्लॉग बनवण्याची वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा चालवणाऱ्या ऑटोमॅटिक या कंपनीचे कर्मचारी सुरुवातीपासून जगभर विखुरलेले आहेत. तिथे कोणत्याही पदावर रुजू होणाऱ्याने आधी काही आठवडे ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, अशी प्रथा पाडली गेली. लहान संघाने ती जरूर उचलावी. डेव्हलपर, डिझायनर आणि स्वतः संस्थापक यांनीही आळीपाळीने एकेक दिवस सपोर्ट सांभाळावा आणि पाळी संपताना ग्राहकाने काय सांगितले, आपण कोणता शब्द दिला व तो केव्हापर्यंत पाळायचा आहे, हे सर्वांना दिसेल अशा एकाच ठिकाणी लिहून ठेवावे. माझ्या मते ही नोंद रोजच्या व्हिडिओ बैठकीपेक्षा मोलाची आहे, कारण प्रत्येक नव्या माणसाला तीच अडचण पहिल्यापासून सांगावी लागली की चांगला ग्राहकही कंटाळून निघून जातो. दोष दूर झाल्यावर तक्रार करणाऱ्याला, शक्यतो दुरुस्ती करणाऱ्यानेच, आपणहून कळवावे.