पर्याय नसलेली परीक्षा: एमबीबीएसचे पहिले काही महिने

यंदा फर्स्ट इयरला आलेल्यांसाठी लिहितेय. अ‍ॅप्रन कुठून शिवायचा, डिसेक्शनचा बॉक्स कोणता घ्यायचा, मेस लावायची की डबा, हे हॉस्टेलवर पहिल्याच रात्री कळतं. मी एका गोष्टीवर जास्त बोलणार आहे, कारण तिच्यापायी माझे सुरुवातीचे महिने फार वाईट गेले आणि ती आधी कुणी सांगितली नव्हती.

आपण सगळे ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन आलोय. १८० प्रश्न, ७२० गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. लातूरच्या क्लासमध्ये आम्ही रोज तेच केलं. प्रश्न वाचायचा, दोन पर्याय उडवायचे, उरलेल्या दोनांतला ओळखायचा. त्यामुळे ओळखता आलं म्हणजे आलं, असं डोक्यात पक्कं बसतं. मग अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक घेऊन रात्री बसलं की प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, हायलायटर फिरतो, पान उलटतं आणि अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं. इथंच घात होतो. एमबीबीएसच्या थिअरीत एमसीक्यू असतात, पण थोडे. बाकी सगळं स्वतः लिहायचं असतं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तर समोरचे सर फक्त तोंडाकडे बघत असतात.

अपर लिंबच्या (हाताच्या) पार्ट एंडिंगला, म्हणजे शरीराचा तो भाग शिकवून झाल्यावरच्या परीक्षेला, माझ्या हातात ह्युमरस, दंडाचं हाड, दिलं. “साइड?” मी म्हटलं, “लेफ्ट.” उत्तर बरोबर होतं. “कशावरून?” आणि माझी दातखीळ बसली. हेड आतल्या बाजूला आणि वर बघतं, खालच्या टोकाचा ओलेक्रॅनन फॉसा हा खड्डा मागे असतो, या दोन खुणांवरून बाजू ठरते. हे मी कितीदा वाचलं होतं! पुढचा प्रश्न नर्व्हचा, म्हणजे मज्जातंतूंचा होता, “या हाडाला चिकटून कोणत्या नर्व्ह जातात?” सर्जिकल नेकला अ‍ॅक्झिलरी, मागच्या खाचेत रेडियल, मेडियल एपिकोंडाइलच्या, म्हणजे कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या, मागे अल्नर. सर बोलले की मनात “हो हो, हेच” व्हायचं, पण आधी तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या संध्याकाळी घरी फोन लावला आणि रडले.

म्हणून सांगते, मोठ्याने बोलून अभ्यास करा. हाड हातात धरा, पुस्तक बंद करा आणि ठरलेल्या क्रमाने बोला: नाव, बाजू, कशावरून, अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन, खुणा, स्नायू कुठे लागतात, नर्व्ह कुठून जाते, ती दुखावली तर काय होतं. रेडियल नर्व्ह त्या खाचेत दुखावली तर मनगट लोंबकळतं, रिस्ट ड्रॉप. ही शेवटची कडी जोडली की आधीचं सगळं आपोआप लक्षात राहतं. जिथे अडखळाल तेवढंच पुन्हा वाचा. यात वेळ जातो, रात्रभरात चार पानंच होतात आणि शेजारचा रूममेट तीस पानं संपवतो. संपवू दे.

इंग्रजीची भीती मात्र बाळगू नका. मी आठवीपासून सेमी-इंग्रजीत होते, तरी व्हायव्हात वाक्यं तुटायची. परीक्षकांना संज्ञा अचूक हव्या असतात, व्याकरणाचं त्यांना फारसं काही नसतं. आधी अभ्यासाच्या जोडीदाराला मराठीत समजावून सांगा, मग तेच इंग्रजीत. माझं तसंच सुधारलं.

डीएचमध्ये, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन करतो त्या डिसेक्शन हॉलमध्ये, मागे उभे राहू नका. एका टेबलाभोवती एवढी गर्दी असते की मागच्यांना समोरच्यांच्या पाठी दिसतात. पुस्तकातल्या चित्रात धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी असते. टेबलावर सगळंच करडं-तपकिरी. चिमटीत धरल्याशिवाय कळत नाही: धमनीची भिंत जाड लागते, शीर चपटी होते, नर्व्ह भरीव दोरीसारखी लागते. देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिनने डोळे झोंबतील, पहिले काही दिवस जेवण जाणार नाही. हा त्रास जातो, खरंच जातो. आणि त्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी आपल्यासाठी देह दिलाय, तेव्हा तिथे फोटो काढणाऱ्यांना जागच्या जागी थांबवा.

सीनियर्सच्या आयत्या नोट्सबद्दल माझं मत कडक आहे: पहिल्या इंटर्नलपर्यंत, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेपर्यंत, हात लावू नका. त्या दुसऱ्याने वाचून गाळलेल्या असतात, काय गाळलं ते तुम्हाला कळत नाही. अ‍ॅपवरची लेक्चर्स दुप्पट वेगाने बघणं तर नुसतं ओळखण्याच्या जुन्या सवयीलाच खतपाणी आहे. हाडं मात्र सीनियर्सकडूनच मिळतात, ती हक्काने मागा. मागण्याच्या बदल्यात कुणी रात्री रूमवर बोलावून त्रास देत असेल तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, सरळ तक्रार करा. शंका विचारायला विभागप्रमुखांपेक्षा टेबलावरचे तरुण ट्यूटर बरे. ते थांबून दाखवतात.

फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री मागे पडू देऊ नका, एवढंच सांगते. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, ती दिवाळीनंतर भरून निघत नाही.

एक पार्ट गेला म्हणून वर्ष जात नाही. तो पुन्हा देता येतो. टेबलाभोवतीचा प्रत्येकजण आपापल्या गावचा पहिला आलेला असतो, त्यामुळे तिथे मधल्या क्रमांकावर असणं ही घसरण नव्हे. पण फर्स्ट एमबीबीएसला जास्तीत जास्त चारच प्रयत्न मिळतात, हेही आत्ताच माहीत असू द्या. झोप येत नसेल, जेवण तुटलं असेल, डीएचच्या दारातूनच परत फिरावंसं वाटत असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच कुणाला तरी सांगा.

जोडीदार पहिल्या आठवड्यात ठरवा. जिवलग मैत्रीणच हवी असं नाही. “कशावरून?” असं न लाजता विचारणारी कुणीही चालेल, आणि तिनं विचारल्यावर पुस्तकात डोकावायचं नाही, एवढा नियम दोघींनी पाळायचा.