वॉल्व्ह बंद होता, पण बांधलेला नव्हता

सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे जहाजावरच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचे कोर्स, मेडिकल हे सगळं तुमचं झालं असेल, म्हणून त्यात शिरत नाही. पैठण, गंगापूर, अंबडकडची पोरं यॉटवर, म्हणजे खासगी सहलीच्या बोटीवर, डेकहँड (डेकवरचा खलाशी) व्हायचंय म्हणून फोन करतात. त्यांना मी आधी एकच विचारतो : बोटीवरच्या संडासातलं पाणी जातं कुठं? बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं, आणि त्यापायी माझी पहिली नोकरी गेली.

बोट फ्लोरिडाच्या कीज बेटांत होती. अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत कच्चं मैलापाणी सोडता येत नाही. कीजमध्ये राज्याच्या हद्दीतलं पाणी 2002 पासून नो डिस्चार्ज झोन आहे, म्हणजे प्रक्रिया केलेलंही सोडायचं नाही. आमच्या बोटीला मैल्याची टाकी होती आणि नळीवर वाय-वॉल्व्ह. दांडा एकीकडे फिरवला की मैला टाकीत, दुसरीकडे फिरवला की थेट समुद्रात. कॅप्टन म्हणाला, वॉल्व्ह बघून घे. मी खाली वाकून दांडा टाकीकडे फिरवला आणि वर येऊन "झालं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तपासणी आली. अधिकारी टॉर्च घेऊन फरशीवर आडवा झाला आणि दांड्याला दोन बोटं लावली. दांडा सहज फिरला. समुद्रात एक थेंब गेला नव्हता, टाकी अर्धी भरलेली होती, तरी नियम मोडलाच होता. दंड बोटीला झाला आणि आठवडा संपताना मी उतरलो.

तेव्हा हे नीट वाचा, दोनदा वाचा. वॉल्व्ह नुसता बंद असून भागत नाही, तो सहजासहजी उघडता येऊ नये असा जखडलेला लागतो. टाकीवाल्या बोटीला नियमात रस्ते दिलेत : वॉल्व्ह बंद करून दांडा काढून घ्या, नाहीतर कुलूप लावा, नाहीतर कापल्याशिवाय न निघणाऱ्या केबल टायने, म्हणजे बांधायच्या पट्टीने, बांधा. खटका दाबून सुटणारा टाय चालत नाही. आणि हे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वॉल्व्हला. टाकी उपसणाऱ्या पंपाची नळीही बाहेर जाते, ती हमखास विसरली जाते. बोटीवर मैला दळून निर्जंतुक करणारं प्रमाणित मशीन असेल तर "आपल्याला परवानगी आहे" असं मालकच सांगेल. नो डिस्चार्ज झोनमध्ये ती परवानगी नसते, तेही जखडावंच लागतं. शिवाय कीजमधल्या सागरी अभयारण्याची हद्द 3 मैलांच्याही पलीकडे जाते, तेव्हा अंतर मोजून टाय कापू नका, नकाशा बघा.

रात्री हळूच सोडून द्यायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. कॅलिफोर्नियात अ‍ॅव्हलॉन बंदरात शिरलं की बंदराचे कर्मचारी बोटीच्या संडासात रंगाची गोळी टाकतात, पाण्यात रंग दिसला की बोट सापडली. दुसरं, पैसे घेऊन "यॉटवर लावतो" म्हणणाऱ्या एजंटांकडून काही शिकायला मिळत नाही. मला शिकवलं ते पुढच्या बोटीवरच्या मालवणच्या इंजिनिअर काकांनी. त्यांनी माझा हात धरून प्रत्येक नळीवरून फिरवला. "डोळ्यांवर भरवसा नको रे, हाताने ओढून बघ," म्हणाले. असा माणूस भेटला तर पगार थोडा कमी असला तरी त्याच्या हाताखाली राहा.

घाबरू मात्र नका. हे काम अवघड नाही, फक्त सवयीचं आहे. मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, पंपआउटला (मैला उपसून घेणाऱ्या पंपावर) टाकी रिकामी करा, पावती जपा, टाय बांधला की फोटो काढा, लॉगबुकात वेळ लिहा. मला त्यानंतर सगळ्या तपासण्या सुखरूप गेल्या.

इकडे परत येऊन बोट चालवायची म्हणाल तर इथंही मोकळं रान नाही. 1974 चा जल प्रदूषण कायदा आहे, 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. आणि आपण नाथसागराच्या काठची माणसं, ते पाणी अख्खं संभाजीनगर पितं.

नव्या बोटीवर पाय ठेवला की सामान लावायच्या आधी इंजिनिअरला विचारा, बाहेर जाणारे वॉल्व्ह किती? आकडा कळला की टॉर्च घ्या, खाली उतरा आणि तेवढे वॉल्व्ह हाताला लागेपर्यंत वर येऊ नका.