जुनी शाळा पाडायचं ठरत असेल तर

गावात ‘निर्लेखन’ हा शब्द ऐकू आला की समजा, हातात फार तर एक पावसाळा आहे. सरकारी इमारत दप्तरातून कमी करायची आणि मग पाडायची, याचं ते नाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जांभ्याच्या, कौलारू मराठी शाळेचा असा प्रस्ताव निघाला तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी मुळाक्षरं तिथेच गिरवली आणि मुख्याध्यापिका म्हणून निरोपही तिथेच घेतला. ती शाळा आज उभी आहे. तुमच्या गावावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून आम्ही काय काय केलं ते लिहिते.

सभा नंतर, आधी कागद. इमारत कुणाची आणि जमीन कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा जुन्या लोकल बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण खालची जमीन कधी गावठाणातली असते, कधी देवस्थानची, कधी एखाद्या घराण्याने तोंडी दिलेली. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, ग्रामपंचायतीतला नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, बघा. आमच्या सातबाऱ्यावर जमीन देणाऱ्या आजोबांचंच नाव निघालं. वारस ठाण्याला. त्यांच्या घरी आम्ही सगळ्यांत आधी गेलो, चहा घेतला, आणि गावासमोर जायच्या आधी त्यांचं संमतीपत्र हातात आलं. मालकीचा गुंता सुटायला उशीर झाला की काय होतं हे पुण्याच्या भिडे वाड्याने दाखवलंय. 1848 मध्ये फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा सुरू केली ती ही जागा. भाडेकरूंचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला. 2023 च्या डिसेंबरात वास्तू पाडावी लागली. आता तिथे स्मारक होईल, पण त्या भिंती परत येणार नाहीत.

दुसरा कागद माहिती अधिकाराचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीन गोष्टी मागा: निर्लेखन प्रस्तावाची प्रत, अभियंत्यांचा पाहणी अहवाल आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. उत्तराची मुदत 30 दिवसांची. आम्हाला मिळालेल्या अहवालात ‘छत गळते, इमारत जीर्ण’ एवढंच होतं. भिंतीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. पुढचं सगळं बोलणं त्या एका फटीतून झालं.

आता माणसं. माझी पहिली सभा फसली. ‘ऐतिहासिक वारसा जतन’ असं फळ्यावर लिहून बोलावलं, अकरा जण आले, त्यातले सात माझे माजी विद्यार्थी. वारसा म्हटलं की लोकांना रायगड आठवतो, आपली शाळा नाही. मग मला कपाटातलं जनरल रजिस्टर आठवलं, शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ते. सध्याच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि आमच्या लांबलचक पडवीत बाकावर ते उघडून दर रविवारी बसू लागले. ज्याला आपल्या घरातलं नाव बघायचं त्याने यावं.

पहिला आला तो स्टँडवरचा एक रिक्षावाला. अर्धा तास पानं उलटल्यावर पणजोबांचं नाव सापडलं. निळी शाई तपकिरी झालेली, अक्षर सुबक, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: ‘मुंबईस गेला’. वय अकरा. त्याने बोट त्या शब्दांवर ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. त्याच पानावर आणखी नऊ मुलं मुंबईस गेली होती. पुढच्या रविवारी तो आईला आणि दोन काकांना घेऊन आला. महिन्याभरात पडवीत बसायला जागा पुरेना. एक पथ्य मात्र कडक पाळा. रजिस्टरात जात, जन्मतारीख सगळं असतं. ज्याचं त्याला दाखवा, पानांचे फोटो ग्रुपवर टाकू देऊ नका.

मोठी सभा गणपतीत घ्या. कोकणात निर्णय चाकरमान्यांशिवाय होत नाही आणि पैसाही त्यांच्याशिवाय उभा राहत नाही. गणपती आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आरत्यांच्या वेळा सोडून, दुपारी. आणि आमंत्रण वाडीवार द्या. मी स्वतः प्रत्येक वाडीत गेले, एकदा नाही, दोनदा. आमच्याकडे काम एका वाडीने उचललं की बाकीच्या चार वाड्या बाजूला उभ्या राहतात, हे गृहीत धरूनच चाला. समितीत प्रत्येक वाडीचे दोघे घेतले, त्यातली एक बाई. बँक खातं तिघांच्या सह्यांचं, पावती दहा रुपयांचीही, आणि जमाखर्च शाळेच्याच फळ्यावर खडूने.

‘पाडा’ म्हणणाऱ्यांना शत्रू समजू नका. आमच्याकडे सगळ्यांत ठाम विरोध आयांचा होता. एका आईने मला विचारलं, “बाई, माझं पोर आत असताना वासा पडला तर?” याला इतिहास हे उत्तर नाही. आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं, आणि काम होईपर्यंत वर्ग समाजमंदिरात हलवायची मागणी आम्हीच केली. नव्या खोल्या मैदानाच्या मोकळ्या बाजूला बांधा, जुनी इमारत वाचनालय आणि अंगणवाडीला ठेवा, असा प्रस्ताव दिला. तीच आई पुढे समितीत आली.

ऑडिटच्या आधी तुम्हीही इमारत बघा. दाभण घ्या आणि तुळई जिथे भिंतीत शिरते त्या टोकाला टोचा; सागवान कुजतं ते तिथून. आमच्या दोन तुळयांत दाभण मुठीपर्यंत गेलं, बाकी लाकूड खणखणीत. कौल उलटून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव असतं. मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला, म्हणजे त्यांचं कौल त्याआधीचं असूच शकत नाही. मुलांनी कौलांवरची नावं वहीत उतरवून काढली आणि तो अख्खा आठवडा घराघरांत शाळेच्या छपरावर चर्चा झाली.

दुरुस्तीत एकच हट्ट धरा: जांभ्याच्या भिंतीला सिमेंट नको. आमच्या जोत्याला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. आतली ओल बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती वर चढली आणि चिरे भुसभुशीत झाले. गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुना मुरायला वेळ लागतो, घाई करणारा कंत्राटदार घेऊ नका. शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा लावणं, मात्र श्रमदानाने होते. एप्रिलच्या दोन रविवारी शंभरावर माणसं रांगेत उभी राहून कौलं हातोहात खाली देत होती. त्या दोन दिवसांनंतर ‘पाडा’ हा शब्द कुणी उच्चारला नाही.

छप्पर झालं की ग्रामसभेचा ठराव घ्या. बहुतेक ठिकाणी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना सभा असते. गणपूर्तीला 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यातला लहान आकडा लागतो. ठरावात ‘इमारत जपावी’ असं मोघम नको; निर्लेखन प्रस्ताव मागे घ्यावा, वापर अमुक, देखभाल अमुक समितीकडे, असं लिहा. आमचा ठराव 1 मेला झाला. त्याची प्रत पोच घेऊन जिल्हा परिषदेला दिली. प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र यायला आठ महिने लागले, आणि तेवढ्यात मी सात वेळा एसटीने रत्नागिरी गाठली.

राज्य संरक्षित स्मारकाचा मार्गही असतो, 1960 च्या कायद्याखाली. प्राथमिक अधिसूचना, हरकतींना दोन महिने, मग अंतिम. साध्या शाळेसाठी मी त्यामागे लागले नाही. एकदा स्मारक झालं की एक कौल बदलायलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन मी शाळेत गेले. वाचनालयाच्या खोलीत तिसऱ्या खिडकीच्या वर हाताएवढा ओला डाग दिसला. खडूने त्याभोवती गोल काढून ठेवलाय. एप्रिलच्या शाकारणीत तिथली कौलं पहिली उतरवायची.