नराराच्या प्रवाळ खडकावर जाताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात पुण्याहून दहा-बारा जणांना घेऊन मी जामनगरजवळच्या नराराला जातो. कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावरचं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली जाहीर झालं, देशातलं पहिलं. इथले प्रवाळ बघायला पाण्यात बुडी मारावी लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि आपण गाइडच्या मागोमाग चालत खडकावर पोचतो. पण चालत जाता येतं म्हणजे कधीही जाता येतं, असं लोक धरून चालतात, आणि सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक पुण्यात बसूनच होते. जोडून सुट्टी बघितली, मुंबईहून ओख्याकडे जाणाऱ्या गाडीचं रिझर्व्हेशन केलं, आणि मग मला फोन: "आम्ही सव्वीस जानेवारीला पोचतोय, काय काय दिसेल?" मी विचारतो, त्या दिवशी तिथी कोणती? पलीकडे शांतता. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली असते, ती बघायला पैसे पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही, पण फार उतरतही नाही, आणि खडकाचा बराचसा भाग झाकलेलाच राहतो. अष्टमीला जाऊन "तिथे काही नाही हो" म्हणणारी माणसं मला दरवर्षी भेटतात. आधी तिथी ठरवा, मग रजा टाका. रजा मिळत नसेल तर पुढच्या पंधरवड्यात जा.

दुसरी चूक आमच्या हातून झाली, आणि ती अजून मनातून जात नाही. आमच्यात एक काका होते, मूळचे दापोलीकडचे. कोकणातला पाऊणपटीचा हिशोब त्यांना तोंडपाठ: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्याच्या सहाएक तास आधी-नंतर सुकती, म्हणजे ओहोटी. कोकण किनाऱ्यावर हा हिशोब अंदाजापुरता चांगला चालतो. आम्ही गेलो तो फेब्रुवारी होता, वद्य तृतीया. काकांच्या हिशोबाने सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. गाइड आदल्या संध्याकाळी सांगत होता, आठच्या आधी येऊ नका. आम्ही ऐकलं नाही. उजाडता उजाडता, साडेसहाला किनाऱ्यावर हजर.

समोर पाणीच पाणी. कारण भरतीची लाट आखाताच्या तोंडाशी आधी येते आणि आत सरकायला तिला वेळ लागतो. ओख्याला येते, मग नराराजवळच्या सिक्का बंदराला, मग पार आत नवलखी-कांडल्याला. आखात आत निमुळतं आणि उथळ होत जातं, म्हणून पाण्याची उंचीही वाढत जाते. नवलखीकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ७ मीटरच्या आसपास जातो. कोकणचं गणित तिथे लावलं तर तासाभराची तरी चूक ठरलेली. आम्ही वाऱ्यात कुडकुडत उभे राहिलो. तासाभराने दोन तरुण मुलांचा धीर सुटला. "गुडघाभर तर आहे," म्हणत ती गाइड यायच्या आधीच गढूळ पाण्यात शिरली. तळ दिसत नव्हता. एकाचा पाय मेलेल्या प्रवाळाच्या फटीत गेला आणि नडगी चांगली वीतभर सोलली गेली. प्रवाळाची धार लागली की जखम साधी राहत नाही, आत बारीक कण राहतात आणि ती चिघळते. गाडी एकच होती. त्याला घेऊन सगळेच जामनगरला परतलो. खडक उघडा पडला तेव्हा आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मला त्यांच्यापेक्षा माझाच राग आला होता, कारण त्या मुलांना थांबवणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी सिक्क्याचं भरतीचं कोष्टक बघतो, वेळेबरोबर मीटरचा आकडाही वहीत लिहितो (दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत), आणि शेवटचा शब्द गाइडचा.

वेळेचीच आणखी एक गफलत. कोष्टकात ओहोटी ९:४० लिहिली की लोक ९:४० ला पोचतात. ती वेळ परत फिरायची आहे. उतरत्या पाण्याच्या मागे मागे, दीड-दोन तास आधी आत शिरायचं. पाणी फिरलं की पहिला तास सावकाश चढतं, मग एकदम वेग घेतं, आणि खडक आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट वाटा आधी भरतात. म्हणजे तुम्ही समोर ऑक्टोपसचा फोटो काढत असता आणि पाणी पाठीमागून येत असतं. गाइड "पाणी आवे छे" म्हणाला की कॅमेरा बंद.

सिंहगड पाऊण तासात चढणाऱ्यांना माझी विशेष विनंती आहे: इथे तो वेग गाडीतच ठेवा. एका डबक्याशी दहा मिनिटं उकिडवं बसलं तर आधी काहीच दिसत नाही, मग वाळूचा रंग हलतो आणि तो खेकडा निघतो. दगड श्वास घेतो आणि तो ऑक्टोपस निघतो. धावत सुटणाऱ्याला फक्त चिखल दिसतो, आणि त्याच्या पायाखाली काय चिरडलं जातं तेही त्याला कळत नाही. डोक्याएवढा गोल प्रवाळ वाढायला कित्येक वर्षं लागतात. पाय वाळूवर किंवा उघड्या खडकावरच ठेवा.

दगड उलटवू नका. खालच्या अंगाला स्पंज, अंडी, नाजूक ब्रिटल स्टार (तारामाशाचे भाऊबंद) चिकटलेले असतात. ऊन लागलं की संपले. गाइडने उचलून दाखवला तर तो होता तसाच परत ठेवला जाईपर्यंत तिथून हलू नका.

पफर मासा फुगवून दाखवा असा हट्ट धरू नका. तो भीतीने फुगतो. पाण्याबाहेर फुगला तर पोटात हवा जाते आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. आमच्या गटात मी हे पुण्याच्या बैठकीतच सांगतो, आणि ज्याला पटत नाही त्याला नेत नाही.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे खिशात नकोत, मेलेले असले तरी. राष्ट्रीय उद्यान आहे, आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहेत.

सँडल, फ्लोटर, अनवाणी, तिन्ही नको. सँडलमध्ये खडे जातात, चिखलात पट्टा तुटतो. जुने, नाडीचे, कडक तळव्याचे कॅनव्हास शूज घ्या. मी जुन्या बाजारातून घेतलेली एक जोडी फक्त यासाठी ठेवली आहे.

दुर्बीण न्यायला विसरू नका. सगळे खाली बघत असताना काळ्या-पांढऱ्या क्रॅब प्लोवर पक्ष्यांचा थवा ओहोटीच्या कडेला खेकडे टिपत असतो. आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर तो खिजडियाच्या पक्षी अभयारण्याला द्या, जामनगरपासून जवळच आहे. गोडं आणि खारं पाणी बांधाच्या दोन बाजूंना, आणि पक्षी दोन्हीकडे.

परतीच्या गाडीत बसण्याआधी शूज जामनगरलाच गोड्या पाण्याने दोनदा धुवा. तो चिखल तसाच पिशवीत भरला, तर पुणं येईपर्यंत डब्यातलं कुणी तुमच्याशी बोलणार नाही.