मुंबईहून व्हीलचेअरसह विमानप्रवास: बुकिंगपासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत

तिकीट काढताना वेबसाइटवर 'व्हीलचेअर'पुढच्या चौकोनात खूण केली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. खरे घोळ तिथूनच सुरू होतात. एअरलाइनच्या लेखी व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात, आणि तुमच्या नावापुढे कोणता कोड पडलाय त्यावर विमानतळावर कोण, काय घेऊन येणार हे ठरतं.

डब्ल्यूसीएचआर म्हणजे थोडं चालता येतं, पायऱ्याही चढता येतात, फक्त लांबचं अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात शिरल्यावर सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही चालता येत नाही, तिथवर न्यावं आणि बसवावं लागतं.

वेबसाइटवर नुसती खूण केली की बऱ्याचदा पहिलाच कोड पडतो. विमान एअरब्रिजला (टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या बंदिस्त पुलाला) लागलं असेल तर तेवढ्यावर निभावून जातं. पण मुंबईत पुष्कळ विमानं टर्मिनलपासून लांब उभी असतात आणि प्रवाशांना बसने नेतात. तिथे पायऱ्या न चढू शकणाऱ्यासाठी अँब्युलिफ्ट लागते. या गाडीची केबिन वर उचलली जाते आणि थेट विमानाच्या दाराला भिडते. काही ठिकाणी लांब उताराचा रॅम्प लावतात. तुमच्या नावावर चुकीचा कोड असेल तर यातलं काहीच सांगून ठेवलेलं नसतं. मग ऐनवेळी फोनाफोनी होते आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "साहेब, आम्ही उचलून नेतो ना." याला हो म्हणू नका. ओल्या, अरुंद पायऱ्यांवर उचलणाऱ्याचा पाय घसरला तर इजा तुम्हालाच होणार. उशीर झाला तरी अँब्युलिफ्ट येईपर्यंत थांबा.

म्हणून बुकिंग झाल्या दिवशीच कॉल सेंटरला फोन करून नावापुढचा कोड वाचून दाखवायला सांगा. चुकीचा असेल तर बदलून घ्या आणि लगेच ईमेल टाका. त्यात पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक), कोड, खुर्ची स्वतःची असल्यास घडी घातल्यावरची लांबी-रुंदी-उंची, वजन, बॅटरीचा प्रकार, आणि 'स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरणार' हे वाक्य, एवढं हवंच. मदतीची मागणी उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी नोंदवायची, आणि दिव्यांग प्रवाशाकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम आहे. आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. काउंटरवर मोबाइलमधला ईमेल शोधत बसण्यापेक्षा कागद पुढे सरकवला की काम लवकर होतं.

नवरा-बायको दोघांनाही खुर्ची लागत असेल तर दोघांच्या नावावर वेगवेगळी नोंद आहे ना, हे तपासा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांच्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला. दोघांसाठी खुर्च्या नोंदवलेल्या असूनही एकच मिळाली, ती पत्नीला दिली गेली आणि ते चालत निघाले. डीजीसीएने त्या एअरलाइनला ३० लाखांचा दंड केला. खुर्ची येईपर्यंत जागेवरून उठू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

पोलिओ, मणक्याची जुनी इजा, सेरेब्रल पाल्सी अशा स्थिर अपंगत्वासाठी डॉक्टरांचं 'फिट टू फ्लाय' प्रमाणपत्र मागायचं कारण नाही. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, स्ट्रेचर, ऑक्सिजन, संसर्गजन्य आजार अशा वेळी मात्र एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म आधी भरून द्यावा लागतो. केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही. विमानात तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायचं, असा बदल जुलै २०२२ मध्ये नियमात झाला. काउंटरवरचा कर्मचारी स्वतःच निर्णय देऊ लागला तर शांतपणे म्हणा, "डॉक्टरांना बोलवा आणि नकार लेखी द्या."

बॅटरी

इलेक्ट्रिक खुर्चीवाल्यांची सगळ्यात मोठी अडवणूक इथे होते. तिचं एक ठरलेलं कारण आहे. पॉवर बँकेसाठी १०० वॉट-अवरची मर्यादा असते आणि ती स्टाफच्या डोक्यात पक्की बसलेली असते. व्हीलचेअरच्या बॅटरीचे नियम निराळे आहेत, हे काउंटरवर सगळ्यांनाच ठाऊक नसतं.

आधी आपली बॅटरी कोणती ते पाहा. सीलबंद जेल किंवा ड्राय बॅटरी असेल तर ती खुर्चीतच राहू शकते. घट्ट बसलेली हवी, बॅटरीचे टर्मिनल (तारा जोडायची टोकं) झाकलेले हवेत, आणि खुर्ची चुकून चालू होणार नाही अशी व्यवस्था हवी. पाणी भरायची जुनी बॅटरी असेल तर खुर्ची पूर्ण वेळ उभीच ठेवावी लागते. ते हातात नसल्यामुळे विमानप्रवासासाठी ती टाळलेलीच बरी.

लिथियम बॅटरीत दोन वाटा आहेत. बॅटरी खुर्चीच्या सांगाड्यात सुरक्षित बसवलेली आणि काढायची नसलेली असेल, तर ती खुर्चीसोबत सामानाच्या कप्प्यात जाते. हलक्या घडीच्या खुर्च्यांमध्ये बॅटरी खटकन काढता येते. अशी बॅटरी काढून केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवायची असते आणि तिची मर्यादा ३०० वॉट-अवर आहे. जादा बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन नेता येतात. या सगळ्याला एअरलाइनची आधी परवानगी लागते.

हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॉट-अवर, चालेल. २४ व्होल्ट, १२ म्हणजे २८८, हेही चालेल. १३ झालं की ३१२, म्हणजे मर्यादेबाहेर. खुर्ची विकत घेतानाच हे पाहावं. दुकानदार 'जास्त रेंज'वाली मोठी बॅटरी गळ्यात मारतो आणि मग ती विमानात नेता येत नाही. लेबल पुसट झालं असेल तर कंपनीकडून माहितीपत्रक आणि यूएन ३८.३ या लिथियम बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा कागद मागवून घ्या. टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा.

खुर्ची लोडरच्या हाती देण्याआधी

खुर्चीची मोडतोड बहुधा सामान चढवताना-उतरवताना होते, आणि सहसा एकाच कारणाने: पकड कुठे घ्यायची हे लोडरला माहीत नसतं. हाताला लागेल ते धरून तो उचलतो. आर्मरेस्ट उपसला जातो, फूटरेस्ट वाकतो, जॉयस्टिकची वायर तुटते. म्हणून सुटे होणारे भाग काढून घ्या: कुशन, फूटरेस्ट, साइडगार्ड, आणि निघत असेल तर जॉयस्टिकही. कुशन तर विमानात बसायलाच लागतं. एका मजबूत पिशवीत भरून हे सगळं केबिनमध्ये न्या. जॉयस्टिक निघत नसेल तर तिच्यावर फोम गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. जून ते सप्टेंबरात हे विसरूच नका. मुंबईच्या पावसात खुर्ची उघड्या ट्रॉलीवर थांबली तर कंट्रोलरमध्ये पाणी जायला वेळ लागत नाही.

पाठीवर ए-फोर आकाराचा लॅमिनेट केलेला कागद बांधा. लोडर वाचतील अशा मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदीत: 'इथे धरून उचला', 'इथे धरू नका', 'मोटर सोडायचा खटका इथे', 'आडवी करू नका'. शब्दांसोबत बाण काढलेले फोटो असतील तर उत्तम. खुर्ची ढकलायची असेल तर मोटरचा खटका सोडावा लागतो. तो माहीत नसला की चार जण मिळून ती ओढत नेतात आणि गिअर जातो. अॅलन कीचा संच चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये सुरक्षा तपासणीवर तो काढून घेतला जाऊ शकतो. खुर्ची ताब्यात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि चालू स्थितीतला छोटा व्हिडिओ काढा.

घडी न होणारी मोठी खुर्ची असेल तर विमानाचं मॉडेलही विचारा. बोइंग ७३७ च्या सामानाच्या दाराची उंची ३ फुटांहूनही कमी असते, एअरबस ए३२० ची साधारण ४ फूट. पाठ दुमडल्यावर खुर्ची ३ फुटांपेक्षा उंच राहत असेल तर ७३७ मध्ये ती तिरपी करूनच घालावी लागेल. अशा वेळी ए३२० चं उड्डाण निवडणं शहाणपणाचं.

सीट

पुढे पाय पसरायला जागा, म्हणून पहिली रांग मागायची सवय असते. बाजूने सरकून बसणाऱ्याला ती अडचणीची ठरते, कारण तिथे जेवणाचा ट्रे आर्मरेस्टमध्ये असतो आणि तो आर्मरेस्ट वर होत नाही. त्यापेक्षा दुसरी-तिसरी रांग घ्या. मधल्या वाटेकडचा आर्मरेस्ट अडकलेला वाटला तरी पुष्कळ विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, बिजागरीजवळ छोटा खटका असतो. तो दाबला की आर्मरेस्ट वर होतो. क्रूला तो दाखवायला सांगा. आपत्कालीन दाराची रांग मिळणार नाही, आणि अजिबात चालता न येणाऱ्याला बहुधा खिडकीची जागा देतात, कारण संकटात बाकीच्यांची वाट अडू नये.

निघायच्या दिवशी

तिकिटावरचा विमानतळाचा कोड नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणं आहेत. बीओएम म्हणजे अंधेरी-सांताक्रूझकडचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. खुर्ची घेऊन चुकीच्या ठिकाणी पोचलात तर तिथून दुसरीकडे वेळेत जाणं जवळपास अशक्य.

टॅक्सी बोलावताना डिकी रिकामी आहे का, हे फोनवरच विचारा. सीएनजी गाडीत डिकीतली निम्मी जागा सिलिंडर खातो आणि घडीची खुर्चीही मावत नाही. वर कॅरिअर असलेली किंवा मोठी गाडी मागवा. जुन्या विमानतळासाठी मेट्रो ३ ला टी१ आणि टी२ (टर्मिनल १ आणि २) अशी दोन्ही स्थानकं आहेत आणि लिफ्ट आहेत. सामान कमी असेल तर पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीपेक्षा हा पर्याय बरा.

देशांतर्गत उड्डाणासाठी तीन तास आधी पोचा. काउंटरवर दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, स्वतःच्या खुर्चीला विमानाच्या दाराशी परत मिळण्याचा टॅग लागला का. नाहीतर ती थेट सामानाच्या पट्ट्यावर जाते आणि तुम्ही परक्या खुर्चीत अडकता. दुसरी, विमान एअरब्रिजला आहे की लांब. लांब असेल तर अँब्युलिफ्ट सांगितली का.

सुरक्षा तपासणीत उभं राहता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, बसूनच तपासणी होते. खुर्ची आणि कृत्रिम पाय कापडी पट्टीने पुसून ती पट्टी स्फोटकं शोधणाऱ्या यंत्रात घालतात. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) किंवा जयपूर फूट उघडं करायची वेळ आलीच तर पडद्याआड, स्त्रीला स्त्री आणि पुरुषाला पुरुष कर्मचारी, अशी मागणी करा. ती वाजवी आहे आणि मानली जाते.

दाराशी अरुंद खुर्चीवर बसवताना छातीचा आणि पायांचा, दोन्ही पट्टे बांधून घ्या. पायाचा पट्टा राहिला तर संवेदना नसलेला पाय सीटच्या लोखंडाला घासत जातो आणि जखम रात्री कपडे बदलताना कळते. उचलायला दोघं हवेत: एक मागून काखेखाली हात घालून, दुसरा गुडघ्यांखाली. कोणी काय धरायचं आणि 'तीन म्हटल्यावर उचला' हे तुम्हीच सांगा. हवेचं कुशन असेल तर उंचीवर ते फुगतं, थोडी हवा सोडावी लागते. उतरल्यावर परत भरा. लघवीची पिशवी चढण्याआधी रिकामी करा.

अंध प्रवाशाने क्रूकडून सुरक्षेच्या सूचना वेगळ्याने समजावून घ्याव्यात आणि दारापर्यंतच्या रांगा हाताने मोजून ठेवाव्यात. ऐकू न येणाऱ्याने गेटवरच्या कर्मचाऱ्याला 'गेट बदललं तर येऊन सांगा' असं लिहून द्यावं. स्वतःचं ऑक्सिजन सिलिंडर चालत नाही. मान्यता असलेला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं छोटं यंत्र) न्यायचा तर प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी बॅटरी लागते.

उतरताना

तुम्ही सगळ्यात शेवटी उतरणार. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये तीन तास ठेवा. उतरण्याच्या अर्धा तास आधी क्रूला सांगा, "माझी खुर्ची दारात हवी, खाली कळवा."

खुर्ची हातात आली की तिथेच चालवून पाहा. मोडतोड दिसली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या सामान-काउंटरवर नुकसानीचा अहवाल लिहून घ्या, त्याचा क्रमांक घ्या आणि आधीचे-आताचे फोटो जोडून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करा. उत्तर आलं नाही तर एअरलाइनचा नोडल अधिकारी, मग केंद्र सरकारचं एअरसेवा पोर्टल. अपमान किंवा प्रवास नाकारल्याची तक्रार दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ खाली मुख्य आयुक्तांकडेही करता येते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवलं गेलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तक्रारीत त्या निकालाचा उल्लेख करा, आणि सोबत ४८ तास आधीच्या तुमच्या ईमेलची प्रत जोडा.