कंपनी सिस्टीम म्हणून चालवताय? मग या चुका टाळा

गोरेगावला आमचं कार्टन बनवायचं छोटं युनिट आहे. सिस्टीम थिअरीचा गाभा तसा सोपा आहे, प्रत्येक पार्ट वेगवेगळा चांगला केला म्हणून अख्खी कंपनी चांगली चालेलच असं नाही, कारण खरा खेळ पार्ट एकमेकांना कसे जोडलेत त्यात असतो. हे माहीत असूनही मी प्रिंटिंगवाल्यांना शीटवर इन्सेन्टिव्ह लावला. ही सगळ्यात महागात पडणारी चूक, अजिबात करू नका.

प्रिंटिंग सुसाट सुटलं पण पुढे पंचिंगचं, म्हणजे छापलेली शीट डायने (साच्याने) कार्टनच्या आकारात कापायचं, मशीन एकच आणि ते आधीच फुल, त्यामुळे त्याच्यासमोर थप्प्यांवर थप्प्या. त्यात जुलैची दमट हवा, पडून राहिलेल्या शीट कडेने वाकायला लागल्या, वाकलेली शीट मशीनमध्ये सरळ जात नाही म्हणून पंचिंग अजून स्लो, म्हणून थप्पी अजून मोठी, आणि बोलणी कोणाला तर पंचिंगच्या दादांना, ज्यांची काडीची चूक नव्हती.

तुमच्याकडे असं होतंय का हे बघायला सॉफ्टवेअर लागत नाही. फ्लोअरवर अडकलेले जॉब, म्हणजे पार्टीच्या ऑर्डरी, मोजा, रोज सरासरी किती बाहेर पडतात त्याने भागा, एक जॉब बाहेर पडायला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हे गणित सिद्ध केलंय. आमचे 60 जॉब आत आणि रोज 5 बाहेर, म्हणजे 12 दिवस, आणि आम्ही पार्टीला सांगत होतो 7! इन्सेन्टिव्ह बंद केला, पंचिंगला झेपेल तेवढंच प्रिंट करायचं ठरवलं, प्रिंटिंगचा एक जण डाय सेटिंगला दिला. आता आत 35 च्या आसपास असतात.

दुसरी चूक, मधला वेळ विसरणं. कार्टनचा बोर्ड (पुठ्ठा) मागवला, चार दिवसांत आला नाही म्हणून परत मागवला, मग दोन्ही गाड्या एकदम दारात आणि पैसा अडकला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्याचं हेच बघितलं, तिथे कधी ओव्हरटाइम तर कधी निम्मे कामगार घरी, सगळे मार्केटला दोष देत होते, यांनी कागदावर हिशोब मांडला तर ऑर्डर स्थिर धरल्या तरी चढउतार येतच होते, कारण भरती आणि स्टॉकचे आतलेच निर्णय. म्हणून रस्त्यात असलेला मालही रजिस्टरमध्ये धरा, मगच नवी ऑर्डर द्या.

आणि सिस्टीमची हद्द गेटपाशी संपवू नका. आमचा पेस्टिंगचा (कार्टन चिकटवायचा) बराच स्टाफ विरार-नालासोपाऱ्याहून येतो, तिथे रुळांवर पाणी भरलं की सकाळ गेलीच. आधी आम्ही हाफ डे लावायचो, त्याने लोकल वेळेवर आली का? आता पावसाळ्यात जवळ राहणाऱ्या दोघीतिघींना पेस्टिंग शिकवून ठेवतो आणि शुक्रवारचा अर्जंट माल गुरुवारीच चिकटवून घेतो.