टेक लॉगमध्ये स्नॅग कसा लिहावा

स्नॅगची, म्हणजे उड्डाणात आढळलेल्या दोषाची, 'रेडिओ नीट चालत नाही' एवढीच नोंद पायलटने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, केली असेल, तर हँगरमधल्या तंत्रज्ञाच्या हाती काहीच लागत नाही. तो रेडिओ लावतो, टॉवरशी बोलतो, आवाज स्वच्छ येतो, आणि 'जमिनीवर तपासले, ठीक आढळले' असे लिहून विमान सोडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. एव्हिऑनिक्समधले, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमधले, सर्वांत त्रास देणारे दोष अधूनमधून उद्भवणारे असतात. वरची थंडी, कंप आणि ओलावा यांत ते डोके वर काढतात आणि विमान उतरले की दिसेनासे होतात.

म्हणून नोंद अशी असावी: 'कॉम १ (पहिला संभाषण रेडिओ), ११९.३ मेगाहर्ट्झ, विमानतळापासून २० मैल, उंची ४५०० फूट. टॉवरला आमचा आवाज तुटक जात होता, टॉवरचा आम्हाला स्पष्ट येत होता. दोन्ही हेडसेटवर तेच. कॉम २ वर त्याच ठिकाणी संभाषण व्यवस्थित.' एवढ्यावरून हेडसेट आणि माइक जवळजवळ बाजूला पडतात आणि तपास कॉम १ चा ट्रान्समीटर, त्याची अँटेना व केबल यांच्यापाशी येऊन थांबतो. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर कानातली शीळ चढत-उतरत असेल, तर तेही लिहावे, कारण मग संशय आल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राकडे, वळतो.

'ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख व उंची कळवणारे उपकरण) बदला' ही तक्रार नव्हे, तो निष्कर्ष झाला. हवाई वाहतूक नियंत्रक (कंट्रोलर) काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत लिहावे. विमान दिसते पण उंची दिसत नाही, आणि विमानच दिसत नाही, या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. पडद्यावरच्या संदेशाचे शक्य तेव्हा छायाचित्र घ्यावे. सर्किट ब्रेकर उडाला असल्यास कोणता आणि केव्हा, हे गाळू नये.

गाळलेल्या गोष्टींची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियातल्या देनपसारहून जकार्ताला आलेल्या लायन एअरच्या ७३७ मॅक्स विमानाच्या नोंदीत वेग व उंचीच्या दर्शकांमधली तफावत आणि एक इशारादर्शक दिवा यांचा उल्लेख होता. परंतु स्टिक शेकर (विमानाची उचल संपत असल्याचा इशारा म्हणून नियंत्रणदांडा थरथरवणारी यंत्रणा) सुरू राहिला होता आणि आपोआप चालणारा ट्रिम (विमानाचे नाक वर-खाली करणारी यंत्रणा) थांबवण्यासाठी कटआउट स्विच वापरावे लागले होते, हे त्यात नव्हते. जे लिहिले होते, त्यावरच जकार्तात काम झाले, आणि देनपसारला नव्याने बसवलेला सदोष अँगल ऑफ अटॅक सेन्सर (समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारे उपकरण) विमानात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. कारणे अनेक होती, पण तपास अहवालाने या अपुऱ्या नोंदीचीही दखल घेतली.

नोंद इंजिन बंद केल्यावर लगेच, कॉकपिटमध्ये बसूनच लिहावी आणि शक्य असल्यास तंत्रज्ञाशी समोरासमोर बोलावे. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात तीच उंची आणि तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा तपासून, दोष आला नाही तर तेही कळवावे. बदललेला भागच खरा दोषी होता की नाही, हे तंत्रज्ञाला त्यावरूनच कळते.